डबाबंद डॉलर

रायपुरात शहाण्या माणसांची वाण नाही. नव्या रायपुरात प्लॉट घेऊन पंधरा वर्षं त्यावर उगवलेलं गवत बघणारे आहेत, उरला-सिलतऱ्याच्या कारखान्यांतल्या लोखंडात पैसा गुंतवणारे आहेत, धनत्रयोदशीला सदर बाजारात रांग लावून लक्ष्मी-गणपतीचं दहा ग्रॅमचं नाणं घेणारे तर घरोघरी आहेत. त्यांचं कौतुक करायला बँकांचे सल्लागार समर्थ आहेत. हा लेख त्या मोजक्या गृहस्थांसाठी, जे तात्यापाऱ्यात किंवा चौबे कॉलनीत राहून अमेरिकेचे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचे चांदीचे डॉलर जमवतात; तेही मोकळे नव्हे, तर पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचे सीलबंद केलेले, आणि डबीवर छापलेल्या आकड्यासकट.

माझ्या ओळखीचे असे एक काका आहेत, सरकारी खात्यातून निवृत्त. घरी पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी भिंग मिळतं. काकांच्या संग्रहाचा कणा म्हणजे मॉर्गन डॉलर. जॉर्ज मॉर्गन या इंग्लंडातून अमेरिकेत गेलेल्या कोरीव कारागिरानं घडवलेलं हे नाणं १८७८ ते १९०४ आणि मग १९२१ साली पाडलं गेलं. वजन २६.७३ ग्रॅम, त्यात नव्वद टक्के चांदी. एका बाजूला स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा, दुसऱ्या बाजूला गरुड. काकांना तो गरुड पिसापिसानं ठाऊक आहे. समोरच्या कडुनिंबावर रोज कुठला पक्षी बसतो ते त्यांना सांगता येणार नाही, पण समोरचा पक्षी काही विकायला काढता येत नाही.

वेड घ्यावं तर असं घ्यावं, ज्याची सुरुवात खुद्द सरकारनं केली आहे. १८७८ साली अमेरिकी काँग्रेसनं ब्लँड-ॲलिसन कायदा केला. नेवाडाच्या खाणींतून इतकी चांदी निघत होती की तिला गिऱ्हाईक मिळेना, आणि भाव घसरू लागला. कायद्यानं सरकारवर सक्ती केली: दर महिन्याला वीस ते चाळीस लाख डॉलर किमतीची चांदी विकत घ्या आणि तिची नाणी पाडा. नाणी पडली. लोकांना ती नको होती, कारण एवढं जड नाणं खिशात घालून फिरायची कुणाची तयारी नव्हती. मग ती हजार-हजारांच्या कापडी थैल्यांत भरून सरकारी तळघरांत रचून ठेवली. एका भुयारातून काढलेली चांदी दुसऱ्या भुयारात गेली. ह्यात कुणाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. खाणवाल्याला भाव मिळाला, त्याच्या सिनेटरला मतं मिळाली, टाकसाळीला काम मिळालं, आणि काकांना पुढे निवृत्तीनंतरचा वेळ कसा घालवायचा याची चिंता उरली नाही.

थैलीत पडून असताना नाणी एकमेकांवर आपटली. गालावर, मानेवर, गरुडाच्या छातीवर बारीक ओरखडे आले. या ओरखड्यांना बॅग मार्क म्हणतात, आणि ते मोजण्याच्या विद्येला ग्रेडिंग. शेतकऱ्याच्या, दुकानदाराच्या, जुगाऱ्याच्या हातून फिरून झिजलेल्या नाण्याला तिथे फारसा मान नाही. खरी प्रतिष्ठा आहे ती ज्यानं जन्मात कधी काही विकत घेतलं नाही अशा नाण्याला. ज्याच्या बदल्यात कुणी शेर दोन शेर पीठसुद्धा आणलेलं नाही, ते सर्वोत्तम.

गुण सत्तरांपैकी देतात. आमच्या शाळेत शंभरांपैकी देत, पण तिथे एवढी सूक्ष्म तपासणी नव्हती. ही सत्तरांची पट्टी डॉ. विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९४९ साली आपल्या ग्रंथात मांडली, तीसुद्धा चांदीसाठी नव्हे, तांब्याच्या जुन्या सेंटांसाठी. हिशेब साधा होता: पार झिजून ओळखण्यापुरता उरलेल्या सेंटला एक गुण, निर्दोष सेंटला सत्तर, आणि किंमतही त्याच प्रमाणात सत्तरपट. किमती थोड्याच वर्षांत हिशेबाच्या बाहेर पळाल्या. सत्तराचा आकडा मात्र जिथल्या तिथे राहिला. ज्या गणितासाठी तो आणला ते गणित मोडलं तरी त्याला हात लावायचं कुणाच्या मनात आलं नाही. परंपरा अशाच टिकतात.

या शेल्डन महाशयांना गुण देण्याचा एकूणच नाद होता. माणसांच्या शरीरांचेही त्यांनी तीन प्रकार पाडले आणि प्रत्येकाला एक ते सात असे गुण दिले. त्यासाठी अमेरिकेतल्या नामवंत विद्यापीठांत नव्यानं दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचे विवस्त्र फोटो वापरले गेले. पुढे विद्यापीठांना लाज वाटून ते नष्ट करावे लागले. शिवाय शेल्डन गेल्यानंतर असंही उघडकीस आलं की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तमोत्तम सेंट काढून घेऊन त्यांच्या जागी त्यांनी आपले हलके सेंट ठेवले होते. टीकाकार ही गोष्ट फार रंगवून सांगतात. मला त्यात विसंगती दिसत नाही. कुठलं नाणं चांगलं हे ज्याला जगात सर्वांत आधी नेमकं कळलं, त्यानंच ते उचललं. आपल्या शास्त्रावर याहून मोठी श्रद्धा कुणी कशी दाखवावी?

आता या पट्टीत साठ ते सत्तर हे अकरा गुण न वापरलेल्या नाण्यांसाठी राखून ठेवले आहेत. म्हणजे न वापरलेपणाच्याच अकरा पायऱ्या. चौसष्ट आणि पासष्ट यांतला फरक काका मला गेली काही वर्षं दाखवत आहेत. गालावरची एक रेघ, म्हणतात. ती रेघ मला दिसत नाही, पण तिची किंमत दिसते, कारण एका गुणाच्या अंतरात कित्येकदा भाव दुप्पट होतो. १९८५नंतर अमेरिकेत नाण्यांना असे गुण देऊन डबीत बंद करणाऱ्या खासगी कंपन्या निघाल्या. नाणं पाठवा, फी भरा, तज्ज्ञ भिंगातून बघतील, आकडा ठरवतील आणि डबी सील करतील.

इथवर शहाण्या माणसाला समजण्यासारखं आहे. पुढचा भाग फक्त भक्तांसाठी. डबीवरचा गुण पटला नाही, तर भक्त हातोडीनं डबी फोडतो आणि तेच नाणं त्याच कंपनीकडे पुन्हा पाठवतो. पुन्हा फी. कधीकधी चौसष्टाचे पासष्ट होऊन येतात. नाणं तेच, गाल तोच, रेघही तीच. विद्यापीठातल्या फेरतपासणीला नावं ठेवणाऱ्यांनी हा व्यवहार शांतपणे समजून घ्यावा. पुढे २००७ साली आणखी एक कंपनी निघाली, जी नाणी तपासत नाही. बंद डबीतल्या नाण्याला दिलेला गुण बरोबर आहे की नाही ते तपासते. पटला तर डबीवर हिरवा ठिपका चिकटवते, गुण कमी दिलेत असं वाटलं तर सोनेरी. काकांच्या एका डॉलरवर हिरवा ठिपका आहे. तो डॉलर ते मुलाच्या लग्नाच्या अल्बमशेजारी ठेवतात. ठिपक्यांना गुण देणारी कंपनी अजून निघालेली नाही, आणि त्यावाचून काकांचं थोडं अडून राहिलं आहे.

चांदी काळी पडते ही गोष्ट आपल्या बायकांना माहीत आहे, आणि त्यावरचा उपायही. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी घरातले राणीछाप रुपये चिंचेनं घासून, रिठ्याच्या पाण्यातून काढून लखलखीत करायचे हा रायपूरच्या मराठी घरांतला रिवाज. अमेरिकेत याला गुन्हा समजतात. घासलेल्या नाण्याच्या डबीवर आकडा न छापता 'साफ केलेलं' असा शेरा येतो, एखाद्या मुलीच्या स्थळाला लागावा तसा. उलट कापडी थैलीतल्या गंधकानं ज्याच्यावर निळे, जांभळे, केशरी डाग चढले त्या डॉलरला भक्त इंद्रधनुषी म्हणतात आणि त्याचे जास्त पैसे मोजतात. चिंचेच्या एका गोळ्यानं जी घाण गेली असती तिला भाव येतो. काकूंनी हे ऐकल्यापासून त्या दिवाळीच्या आठवड्यात काकांच्या कपाटापाशी फिरकत नाहीत. रागानं नव्हे, जबाबदारी नको म्हणून.

एका बाबतीत मात्र डबी थोडी गैरसोयीची आहे. आपल्याकडे रुपया बंदा आहे की खोटा हे ठरवायला तो फरशीवर वाजवत. खणखणीत वाजला की घेतला. हातात रुपया आला की तो वाजवावासा वाटतोच, मग माणूस कितीही शिकलेला असो. मी एकदा विचारलं, "काका, हा वाजवून बघता येतो का?" काका माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. "उघडला तर गुण जातील रे," ते म्हणाले. नाण्याचा खरेपणा ज्यातून कळायचा तो आवाजच बंद करून मग त्याला खरेपणाचं प्रमाणपत्र द्यायचं, यात व्यवस्थेची परिपक्वता आहे. आपल्या भोसल्यांनाही हे जमलं नाही. नागपूरकरांचं राज्य छत्तीसगडावर असताना त्यांचा रुपया मोगल बादशहाच्या नावानं पडत होता. तो बाजारात आला की सराफ वजन करून, कस बघून त्यावर बट्टा कापत, आणि त्यांनी उमटवलेल्या ठशांनी नाण्याचा चेहरा भरून जाई. ठसा प्लास्टिकवर मारावा, नाण्यावर नाही, हे सुचायला विसावं शतक संपत यावं लागलं.

आता या वेडाची सर्वांत गोड बाजू, जी काकांना मी अजून सांगितलेली नाही.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून ब्रिटनला धान्य, ताग, कातडी असा प्रचंड माल गेला. त्या मालाचे पैसे इथे लोकांना चांदीच्या रुपयांत हवे होते. सरकारनं ३० नोव्हेंबर १९१७ला एक रुपयाची नोट काढली, जानेवारी १९१८मध्ये अडीच रुपयांची. नोटेवर राजाचं आणि खुद्द रुपयाचंही चित्र होतं. खेड्यातल्या माणसानं चित्र बघितलं आणि रुपया मागितला. नोट बट्ट्यानं चालू लागली, सरकारी खजिन्यातले रुपये संपत आले, आणि लंडनला धास्ती वाटली की हिंदुस्थानात नोट वटवता आली नाही तर राज्याची पतच उडेल. ब्रिटननं अमेरिकेकडे हात पसरले. अमेरिकेकडे तळघरात थैल्या होत्याच. २३ एप्रिल १९१८ला पिटमन कायदा झाला आणि मॉर्गन डॉलर भट्टीत पडायला लागले. एकूण २७ कोटी २ लाख ३२ हजार ७२२ डॉलर वितळवले. त्यातल्या २५ कोटी ९१ लाखांहून अधिक डॉलरांची चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटनला विकली गेली.

हिशेब करून बघा. एका डॉलरमध्ये २४.०६ ग्रॅम शुद्ध चांदी. आपल्या रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. एका डॉलरचे अगदी सव्वादोन रुपये. मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळींत साधारण अठ्ठावन्न कोटी रुपये पडावेत एवढी चांदी जहाजांतून आली. १९१८ आणि १९१९चे पंचम जॉर्जचे रुपये आजही कुठल्याही जुन्या घरातून मुबलक निघतात ते उगाच नाही.

१९०४पर्यंत पाडलेल्या मॉर्गन डॉलरांपैकी जवळजवळ निम्मे अशा रीतीनं नाहीसे झाले. कुठल्या सालाचे, कुठल्या टाकसाळीचे किती वितळले याची नोंद कुणी ठेवली नाही. म्हणून उरलेल्यांपैकी कुठला दुर्मिळ आणि कुठला नाही हे संग्राहकांना आजही अंदाजानं ठरवावं लागतं, आणि त्या अंदाजावरच हा सगळा बाजार उभा आहे. म्हणजे काकांना आज जी दुर्मिळता पैसे मोजून घ्यावी लागते, ती निर्माण करण्यात धमतरी-महासमुंदकडच्या कुणा अडाणी पणजीचाही हातभार असणार. धानाचे पैसे तिनं कागदात घेतले असते, तर ते डॉलर तळघरात सुखरूप राहिले असते आणि काकांना स्वस्तात पडले असते. तिनं चांदीच मागितली. तिच्या हट्टाचा हप्ता काका भरत आहेत.

अमेरिकेचाही काही तोटा झाला असं समजू नये. सिनेटर की पिटमन नेवाडाचे. वितळलेल्या प्रत्येक डॉलरच्या बदल्यात अमेरिकी खाणींतून चांदी विकत घेऊन नवा डॉलर पाडायचा, आणि ती चांदी औंसाला एक डॉलर अशा पक्क्या भावानं घ्यायची, असं कलम कायद्यातच होतं. बाजारभाव पुढे त्याच्या खाली गेला तरी खरेदी चालूच राहिली. १९२१ साली एकाच वर्षात ८ कोटी ६७ लाखांहून अधिक नवे मॉर्गन डॉलर पडले. जुने साचे नष्ट केलेले असल्यामुळे ते नव्यानं कोरावे लागले. मग हे नवे डॉलर, जे अजूनही कुणालाच नको होते, थैल्यांत भरून तळघरात ठेवले. मूर्खपणा एकदा केला तर तो अपघात म्हणता येतो. तो तंतोतंत तसाच दुसऱ्यांदा करण्याला धोरण म्हणतात, आणि त्यासाठी सिनेटर लागतो.

इकडे छत्तीसगडात ती चांदी कुठे गेली? काही मडक्यात घालून घराच्या जमिनीत पुरली गेली, म्हणजे तिचं तिसरं भुयार झालं. उरलेली गळ्यात चढली. रुपियामाला हा इथल्या बायकांचा जुना दागिना: रुपयाला वरच्या कडेला कुंडा जोडायचा आणि अशा रुपयांची माळ लाल-काळ्या दोऱ्यात ओवून सुता-पुतरी या दागिन्यांच्या जोडीनं मिरवायची. त्या माळांत १९१८चे जॉर्जही असतात. घामानं, तेलानं, नातवंडांच्या हातांनी घासून गुळगुळीत झालेले. आता या माळा सदर बाजारात येतात, बहुधा मुलाच्या मोटारसायकलसाठी किंवा दवाखान्यासाठी. सराफ माळ तराजूत टाकतो, कुंड्याच्या जोडकामाची घट कापतो, भाव सांगतो. साल बघत नाही. रुपये मुशीत जातात.

एकदा सराफाच्या पेढीवर काकाही होते. समोर माळ तोलली जात होती, आणि काका सराफाच्या मुलाला मोबाइलवर आपला ताजा डॉलर दाखवत होते, पासष्ट गुणांचा. माळेतला एक रुपया मी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी भिंग काढलं, कडेला कुंड्याची खूण बघितली आणि दयेनं मान हलवली. "याला गुण नाहीत," म्हणाले. ते खरंच आहे. कुंडा काढलेल्या नाण्याला अमेरिकेत आकडा मिळत नाही, 'बाधित' असा शेरा तेवढा मिळतो. शिवाय १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं जुनं नाणं परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही, म्हणजे १९१८चा रुपया गुण मिळवायला स्वतःच्या माहेरी जाऊ शकत नाही. मुशीत जायला मात्र त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

रायपूरच्याच घासीदास संग्रहालयाचीही काकांना फार ओढ नाही. हे संग्रहालय १८७५ साली राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांनी उभं केलं; देशातल्या जुन्या संग्रहालयांत त्याची गणना होते. नाण्यांचंच म्हणाल तर छत्तीसगडात दीड हजार वर्षांपूर्वीची, शरभपुरीय राजा प्रसन्नमात्राची सोन्याची नाणी सापडली आहेत, पातळ पत्र्यावर मागून ठोकून उठाव दिलेली, त्यामुळे एकाच बाजूनं चित्र असलेली. काकांचं म्हणणं, ज्याला दुसरी बाजूच नाही त्याचे निम्मे गुण आधीच गेले. हा आक्षेप मला निरुत्तर करून गेला.

तारखेचं आणि सत्याचं नातं काय असावं, याबाबतीतही हे शास्त्र उदार आहे. अमेरिकेतल्या एका अत्यंत नामांकित डॉलरवर १८०४ असं साल आहे. तो पहिल्यांदा पाडला १८३४च्या सुमारास, मस्कतच्या सुलतानाला आणि सयामच्या राजाला नजराणा द्यायला. तसे मोजकेच ज्ञात आहेत. त्यातला एक २०२१च्या लिलावात ७६ लाख ८० हजार डॉलरांना गेला. सदर बाजारातल्या एखाद्या कारागिरानं कालच्या चांदीवर १८६२ घातलं तर पोलीस येतात. त्याची चूक एवढीच की त्यानं आपला रुपया सुलतानाला भेट दिला नाही.

हे सगळं बघून माझी रायपूरच्या सराफा मंडळींना एक नम्र सूचना आहे. इथेच एक गुणांकन कार्यालय काढावं. सदर बाजारात तोलायला आलेली रुपियामाला मुशीत टाकण्याआधी त्यातले १९१८, १९१९, १९२०चे रुपये वेगळे करावेत आणि प्लास्टिकच्या डबीत बंद करून वर 'पिटमन' अशी पट्टी लावावी. गुण सत्तरांपैकीच द्यावेत, म्हणजे काकांना परकं वाटणार नाही, पण उलट्या क्रमानं: जेवढा गुळगुळीत, तेवढे जास्त. घामाच्या डागांना इंद्रधनुषी म्हणावं. कुंडा जागेवर असेल तर पाच गुण वाढवावेत आणि डबीला कुंड्यासाठी भोक ठेवावं. माळवाल्या बाईंना चांदीच्या भावावर थोडं अधिक द्यावं. फार नको, नाहीतर त्या विकायच्या थांबतील. रुपयाच्या राजाच्या गालावर कुणी चिंच लावली आहे की नाही हे तपासायला एक निवृत्त शिक्षक नेमावा. फी आगाऊ घ्यावी. गुणांवर तक्रार असेल तर डबी फोडून पुन्हा आणण्याची मुभा असावी, पण दुसऱ्या वेळी फी दीडपट.

काकांकडे मी हा प्रस्ताव घेऊन गेलो होतो. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला, आणि विचारलं की हिरवा ठिपका कोण लावणार.